पुलास्की स्कायवे कोणाच्या नावाचा? अमेरिकेच्या लढायांतल्या पोलिश सैनिकांची गोष्ट

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी 'पुलास्की स्कायवे' हे नाव रोजचं असतं. नूअर्क आणि जर्सी सिटी यांना जोडणारा हा उंच लोखंडी पूल १९३२ साली सुरू झाला. तिथून न्यूयॉर्ककडे गेलं की ब्रुकलिन आणि क्वीन्स यांच्यामध्ये 'कोश्चुश्को ब्रिज' लागतो. हे दुसरं नाव उच्चारताना तिथले स्थानिक लोकही अडखळतात. दोन्ही नावं पोलिश आहेत आणि दोन्ही माणसं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढली. एक तिथेच मेला, दुसरा जिवंत परतला आणि मग स्वतःच्या देशासाठी लढून हरला.

पोलंड कुठे आणि अमेरिका कुठे! अठराव्या शतकात मधला समुद्र ओलांडायला महिना-दोन महिने लागत. मग ही माणसं तिथे कशाला गेली? 'स्वातंत्र्याच्या प्रेमापोटी' हे उत्तर भाषणांमध्ये नेहमी मिळतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. पूर्ण उत्तरासाठी आधी पोलंडचं काय चाललं होतं ते समजून घ्यावं लागतं.

एका हाताने थांबणारी संसद

तेव्हाचा पोलंड म्हणजे पोलंड आणि लिथुआनिया यांचं जोडराज्य. आजच्या बेलारूसचा आणि युक्रेनचा मोठा भागही त्यातच होता. राजा वंशपरंपरेने येत नसे, निवडून येई. निवडण्याचा हक्क फक्त 'श्लाख्ता' या सरदार-जमीनदार वर्गाला होता. हा वर्ग लहान नव्हता, लोकसंख्येच्या आठ-दहा टक्के तरी असावा. एखाद्याकडे हजारो एकर जमीन असे, तर दुसरा तलवार आणि कुळीचा अभिमान सोडला तर कफल्लक. कागदावर मात्र दोघे समान. बाकीची जनता म्हणजे शेतकरी. ते जमिनीला बांधलेले होते आणि आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या शेतावर वेठबिगार करत.

या श्लाख्ताच्या संसदेला 'सेयम' म्हणत. तिथे एक विलक्षण नियम होता. आपल्या हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा डोळ्यांपुढे आणा. एका सभासदाने उभं राहून 'मला मान्य नाही' म्हटलं, की तो एक ठरावच नव्हे, त्या सभेत आधी संमत झालेले सगळे ठराव रद्द आणि सभा बरखास्त. याला 'लिबेरुम वेटो' म्हणत. सरदारांना हा आपल्या स्वातंत्र्याचा प्राण वाटे. शेजारच्या रशियाने आणि प्रशियाने त्याचा अर्थ वेगळा लावला. एका सभासदाला पैसे चारले की अख्ख्या देशाचा कारभार थांबवता येतो!

त्यामुळे करवाढ होईना, सैन्य वाढेना. १७६४ साली रशियाच्या कॅथरीन राणीच्या पाठिंब्यावर स्तानिस्लाव पोन्यातोव्स्की राजा झाला. १७७२ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी पोलंडचा सुमारे तीस टक्के मुलूख वाटून घेतला. १७९३ आणि १७९५ साली आणखी दोन वाटण्या झाल्या आणि पोलंड नकाशावरून पुसला गेला. तो परत आला १९१८ साली.

१७७२ नंतरच्या पोलंडमध्ये सैन्याचं शिक्षण घेतलेल्या तरुणाची अवस्था यावरून कळेल. अंगात विद्या आहे, पण ती वापरायला सैन्यच नाही.

शिपाईगिरीचा बाजार

त्या काळात एका देशाच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या देशाच्या सैन्यात नोकरी धरणं ही रोजची गोष्ट होती. आपल्याला हे परकं वाटू नये. सव्हॉयमध्ये जन्मलेला द बॉइन आधी फ्रेंचांकडे, मग रशियनांकडे राहून शेवटी महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला आणि त्याने त्यांचे कवायती कंपू उभे केले. महादजींना जे हवं होतं, तेच वॉशिंग्टनलाही हवं होतं: युरोपातलं लष्करी शास्त्र जाणणारी माणसं. दोघांचा शत्रूही एकच होता. १७७९च्या जानेवारीत वडगाव मावळात इंग्रजांच्या मुंबईच्या फौजेने मराठ्यांपुढे हात टेकले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या दक्षिण टोकाला पुलास्की इंग्रजांच्या तोफेने पडला.

फरक एवढाच की द बॉइन अमाप पैसा कमावून मायदेशी गेला. आपले हे दोघे पोलिश तसे गेले नाहीत.

ओढे, झाडं आणि डोंगर

तादेउश कोश्चुश्को १७४६ साली आजच्या बेलारूसमध्ये, लहान जमीनदाराच्या घरात जन्मला. वॉर्सात राजाने नव्याने काढलेल्या लष्करी शाळेत शिकला आणि १७६९ साली राजाच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला. परदेशी असल्यामुळे फ्रेंच लष्करी शाळांत त्याला प्रवेश मिळेना, म्हणून तो चित्रकला शिकला आणि तटबंदीचं, पुलांचं, तोफांचं शास्त्र बाहेरून, मिळेल त्या मार्गाने गोळा केलं. ही चित्रकला वाया गेली नाही. लष्करी इंजिनियरला जमीन नजरेने वाचावी लागते आणि कागदावर उतरवावी लागते.

१७७४ साली तो परतला, तेव्हा भावाने घरची मालमत्ता कर्जात घालवली होती. सैन्यात जागा विकत घ्यायची, तर पैसे नव्हते. त्यातच एका बड्या सरदाराच्या मुलीवर, लुडविका सोस्नोव्स्कावर त्याचं मन बसलं. बापाने नकार दिला, पळून जायचा बेत फसला आणि त्याला देश सोडावा लागला. १७७६च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत उतरला. १८ ऑक्टोबरला काँग्रेसने, म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने, त्याला इंजिनियर दलात कर्नल केलं.

इंजिनियर एवढा मोलाचा का, हे इथे सांगायला हवं. अमेरिकन सैन्य म्हणजे शेतकरी, दुकानदार, शिकारी. बंदूक चालवणारे हजारो होते. पण मोर्चा नेमका कुठे बांधायचा, कोणती टेकडी कोणत्या रस्त्याला माऱ्यात घेते, खंदक किती अंतरावर खणायचा, हे शिकवणारी एकही शाळा त्या देशात नव्हती.

१७७७ साली कोश्चुश्कोला टिकोंडेरोगाच्या किल्ल्यावर पाठवलं. कॅनडातून दक्षिणेला येणारी वाट शँप्लेन सरोवरातून येते, पुढे हडसन नदी लागते आणि ती सरळ न्यूयॉर्कपर्यंत जाते. इंग्रज सेनापती बर्गॉइन याच वाटेने उतरणार होता. ही वाट त्याच्या हाती गेली असती, तर ईशान्येकडच्या वसाहती बाकीच्यांपासून तुटल्या असत्या. टिकोंडेरोगा हे त्या वाटेवरचं कुलूप.

कोश्चुश्कोने पाहिलं की किल्ल्याशेजारी एक उंच टेकडी आहे आणि ती मोकळी सोडली आहे. तिच्यावर तोफा चढवा, असं तो सांगत राहिला. वरिष्ठांना वाटलं, एवढ्या चढावर तोफा चढायच्या नाहीत. पुरंदरचा वेढा आठवणाऱ्याला इथे लगेच धोका दिसेल. १६६५ साली दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि मग तिथून पुरंदरवर मारा केला. इथेही तेच घडलं. इंग्रजांच्या तोफखान्याचा प्रमुख फिलिप्स याने म्हटलं असं सांगतात, की बकरी जिथे चढते तिथे माणूस चढतो आणि माणूस जिथे चढतो तिथे तोफ ओढून नेता येते. ५ जुलैला टेकडीवर इंग्रज दिसू लागले. त्याच रात्री अमेरिकनांनी जवळजवळ न लढता किल्ला सोडला.

आता माघार सुरू झाली, आणि माझ्या मते कोश्चुश्कोचं सगळ्यात मोठं काम याच माघारीत झालं. त्याच्या हाती कुऱ्हाडी घेतलेली माणसं होती. त्यांनी रस्त्यावर मोठाली झाडं आडवी पाडली, पूल तोडले, ओढ्यांना बांध घालून रस्त्यावर पाणी वळवलं. स्कीन्सबरो ते फोर्ट एडवर्ड हे अंतर जेमतेम पस्तीस-सदतीस किलोमीटर. ते ओलांडायला बर्गॉइनला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्याच्या माणसांना चाळीसहून जास्त पूल नव्याने बांधावे लागले. सोबत अवजड तोफा आणि भरमसाट सामान होतं. दिवस वाया गेले, दाणागोटा संपत आला. तेवढ्या वेळात अमेरिकनांकडे नवी माणसं येऊन मिळाली.

मग अमेरिकन सेनापती जनरल गेट्सने विचारलं, उभं राहून लढायचं तर कुठे? कोश्चुश्कोने बेमिस हाइट्स ही जागा हेरली. तिथे हडसन नदीच्या काठाने अल्बनीचा रस्ता जातो आणि वरच्या अंगाला उंच कडा आहे. कड्यावर तोफा ठेवल्या की खालचा रस्ता आणि नदी दोन्ही माऱ्यात. शत्रूला एकच पर्याय उरतो: रस्ता सोडून दाट जंगलात शिरायचं. आणि जंगलात ओळीने उभं राहून गोळीबार करण्याची इंग्रजी कवायत निकामी होते, तिथे शिकारी अमेरिकन वरचढ ठरतो. १९ सप्टेंबर आणि ७ ऑक्टोबर अशा दोन लढाया झाल्या. १७ ऑक्टोबर १७७७ रोजी बर्गॉइनने जवळजवळ सहा हजार सैनिकांसह शरणागती पत्करली. हीच साराटोगाची लढाई.

तिचा परिणाम अमेरिकेपुरता राहिला नाही. अमेरिकन जिंकू शकतात असं फ्रान्सला दिसलं. फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने तह केला आणि युद्ध जगभर पसरलं, अगदी भारतातल्या पाँडिचेरीपर्यंत. गेट्स स्वतः मोठेपणा घेऊ शकला असता. त्याने मात्र सांगितलं की या मोहिमेतले खरे डावपेचकार डोंगर आणि जंगलं होती आणि ती निवडण्याचं कसब एका तरुण पोलिश इंजिनियरमध्ये होतं.

पुढची अडीचएक वर्षं कोश्चुश्कोने वेस्ट पॉइंट बांधण्यात घालवली. तिथे हडसन तीव्र वळण घेते आणि शिडाच्या जहाजाचा वारा पडतो. त्या वळणावर नदीच्या आरपार सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची लोखंडी साखळी, लाकडी ओंडक्यांवर तरंगती ठेवलेली. साखळी दुसऱ्या इंजिनियरच्या देखरेखीखाली बसवली गेली. कोश्चुश्कोचं काम काठावरचं होतं: एकमेकांना आधार देणारे बुरूज आणि मोर्चे अशा रीतीने बांधायचे की एक पडला तरी दुसऱ्यावरून त्याच्यावर मारा करता यावा. मजूर पुरत नसत, अन्न पुरत नसे. इंग्रजांनी या जागेवर कधी हल्ला करण्याचं धाडस केलं नाही. १७८० साली तिथला अमेरिकन सेनानी बेनेडिक्ट आर्नोल्ड फितूर होऊन ती जागा त्यांच्या हवाली करायला निघाला होता, तो डाव उघड झाला. १८०२ साली अमेरिकेची लष्करी अकादमी त्याच ठिकाणी सुरू झाली आणि १८२८ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी कोश्चुश्कोचं स्मारक उभारलं.

वेस्ट पॉइंटलाच त्याच्या सेवेत अग्रिप्पा हल नावाचा मॅसॅच्युसेट्सचा स्वतंत्र कृष्णवर्णीय सैनिक आला. चार वर्षं तो कोश्चुश्कोसोबत राहिला, दक्षिणेतही गेला. त्याची आठवण ठेवा, शेवटी लागणार आहे.

घोड्यावरचा पुलास्की

काझिमिएश पुलास्की (पोलिश उच्चार 'पुवास्की') हा अगदी वेगळा माणूस. १७६८ साली त्याच्या वडिलांनी इतर सरदारांसोबत 'बारचा संघ' उभा केला. पोलिश कायद्यात सरदारांना अशी सशस्त्र आघाडी करण्याची प्रथा होती. रशियाची दादागिरी आणि तिच्यापुढे वाकणारा राजा, या दोघांविरुद्ध ही आघाडी होती. पुलास्कीने चेन्स्तोहोवाचा मठ रशियनांच्या वेढ्यापासून वाचवला आणि त्याचं नाव युरोपभर झालं. १७७१ साली राजाच्या अपहरणाचा प्रयत्न झाला. त्यात त्याचा हात किती होता यावर आजही वाद आहे, पण न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला. तुर्कस्तान, मग फ्रान्स, तिथे कर्जापायी तुरुंग. शेवटी पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिनने त्याची वॉशिंग्टनकडे शिफारस केली.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बारच्या संघाचं 'स्वातंत्र्य' म्हणजे सरदारांचे जुने हक्क आणि कॅथलिक धर्माचं वर्चस्व. इतर पंथीयांना समान हक्क द्यायला त्यांचा विरोध होता. रशियाविरुद्ध ते शौर्याने लढले, पण शेतकऱ्याची वेठबिगार त्यांच्या विषयपत्रिकेवर नव्हती. शब्द तोच असला तरी प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा असतो, आणि या दोन माणसांतला खरा फरक मला इथे दिसतो.

पुलास्की जुलै १७७७ मध्ये अमेरिकेत आला. ११ सप्टेंबरला ब्रँडीवाइनच्या लढाईत वॉशिंग्टनची फौज मागे हटत होती. पुलास्कीला अजून हुद्दाही नव्हता. त्याने वॉशिंग्टनच्या अंगरक्षकांतले थोडे घोडेस्वार मागून घेतले आणि अंगावर येणाऱ्या इंग्रजांवर चाल केली. त्यामुळे माघारीला वेळ मिळाला. चार दिवसांनी तो ब्रिगेडियर जनरल आणि घोडदळाचा प्रमुख झाला.

पण तिथे त्याचं जमलं नाही. त्याला इंग्रजी येत नव्हतं, स्वभाव तापट. हाताखालच्या अमेरिकन अधिकाऱ्यांना परका माणूस डोक्यावर नको होता. शिवाय वॉशिंग्टन घोडदळाचा उपयोग टेहळणी आणि निरोप पोचवण्यापुरता करी. पोलंडमध्ये घोडदळ म्हणजे सैन्याचा मुख्य प्रहार. मार्च १७७८ मध्ये पुलास्कीने पद सोडलं आणि बाल्टिमोरला स्वतःचं स्वतंत्र दल उभं केलं: ६८ भालाईत स्वार आणि २०० पायदळ. त्यात अमेरिकन, जर्मन, फ्रेंच सगळे होते, पोलिश थोडेच. या दलासाठी त्याने स्वतःच्या खिशातला पैसाही घातला. ऑक्टोबर १७७८ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर त्यांच्यातल्याच एका फुटीराने इंग्रजांना तळाचा पत्ता दिला आणि झोपेतले कित्येक जण संगिनींनी भोसकले गेले.

९ ऑक्टोबर १७७९ रोजी जॉर्जियातल्या सव्हाना शहरावर फ्रेंच आणि अमेरिकन सैन्याने मिळून हल्ला केला. तो साफ फसला. पुलास्कीला तोफेच्या छऱ्याचा गोळा लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. वय ३४. त्याला समुद्रात सोडलं की जमिनीत पुरलं यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ वाद चालला. सव्हानातल्या स्मारकाखालच्या अस्थींची डीएनए तपासणी झाली आणि त्या त्याच्याच असल्याचा निष्कर्ष २०१९ साली जाहीर झाला.

इलिनॉय राज्यात मार्चचा पहिला सोमवार आजही 'पुलास्की दिन' म्हणून पाळतात. शिकागोत पोलिश वस्ती मोठी आहे, आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकात खाणीत, कत्तलखान्यांत राबणाऱ्या पोलिश स्थलांतरितांना 'आम्ही इथे उपरे नाही' हे सांगायला या नावाचा फार आधार झाला.

पुढच्या शतकातले

१८३० साली रशियाविरुद्ध पोलंडमध्ये मोठा उठाव झाला आणि चिरडला गेला. पळून आलेल्यांपैकी २३४ जणांना ऑस्ट्रियाने १८३४ साली जहाजांत बसवून न्यूयॉर्कला धाडलं. अमेरिकन काँग्रेसने त्यांना इलिनॉयकडे जमीन देऊ केली, पण ती वसाहत उभी राहिली नाही. कोणी शिक्षक झाला, कोणी नकाशे काढू लागला. टेक्सास मेक्सिकोपासून फुटलं त्या १८३६च्या युद्धातही काही पोलिश लढले, आणि गोलियाडच्या कत्तलीत मेलेल्यांत पोलिश तोफखानदारही होते.

१८६१ साली अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं तेव्हा मात्र पोलिश स्थलांतरित दोन्ही बाजूंना दिसतात: गुलामगिरी राखायला फुटून निघालेल्या दक्षिणेकडे आणि देश एकसंध ठेवू पाहणाऱ्या उत्तरेकडेही. उत्तरेकडचा ठळक माणूस व्लोजिमिएश क्शिझानोव्स्की. संगीतकार शोपँच्या आईच्या घराण्यातला. पोलंडमधल्या १८४६ सालच्या उठावाच्या कटानंतर तो न्यूयॉर्कला पळून आला होता. युद्ध सुरू होताच भरती झाला आणि पुढे ५८व्या न्यूयॉर्क पलटणीचा कर्नल झाला. या पलटणीला 'पोलिश लीजन' म्हणत, पण तिच्यातही जर्मन जास्त होते. पुलास्कीच्या दलासारखंच हे: नाव एका समाजाचं आणि रांगेत उभे सगळ्या देशांचे गरीब स्थलांतरित. १८६२ साली क्शिझानोव्स्कीला ब्रिगेडियर जनरल करायचं ठरलं, पण सिनेटने मंजुरी दिली नाही. त्याचा सहकारी कार्ल शुर्ट्‌स याने पुढे लिहिलं की त्याचं नाव कोणाला उच्चारता येईना म्हणून असं झालं. खरं कारण काहीही असो, जुलै १८६३ मधल्या गेटिसबर्गच्या मोठ्या लढाईत तो कर्नल म्हणूनच लढला. हुद्दा मिळाला मार्च १८६५ मध्ये, युद्ध संपताना.

दक्षिणेकडून कास्पर टोखमान उभा राहिला. १८३०च्या उठावातला जुना सैनिक, वकील, अमेरिकाभर पोलंडची बाजू मांडत फिरलेला. त्याने लुइझियानात दक्षिणेसाठी 'पोलिश ब्रिगेड' उभारली. त्याची मांडणी अशी की दक्षिणेची राज्यं म्हणजे बलाढ्य सत्तेपासून सुटू पाहणारा पोलंडच. गुलामांकडे डोळेझाक केली तरच ही तुलना जमते. मला ती वाचून वाईट वाटतं, कारण हा माणूस जुलूम म्हणजे काय हे स्वतः भोगून आला होता.

नियतीचा फेरा उत्तरेच्या पोलिशांनाही चुकला नाही. जानेवारी १८६३ मध्ये पोलंडमध्ये पुन्हा रशियाविरुद्ध उठाव झाला. फ्रान्सने अमेरिकेला निषेधात सामील व्हायला बोलावलं, पण लिंकनच्या सरकारने नकार दिला. इंग्लंड आणि फ्रान्स दक्षिणेला मान्यता देतील की काय ही धास्ती असताना रशिया हाच उत्तरेचा भरवशाचा मित्र होता. सप्टेंबरात रशियन आरमार न्यूयॉर्कच्या बंदरात आलं तेव्हा शहराने त्याचं थाटात स्वागत केलं, मेजवान्या दिल्या. क्शिझानोव्स्कीच्या माणसांना गेटिसबर्गला लढून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

कोश्चुश्कोचं मृत्युपत्र

हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता.

युद्ध संपल्यावर काँग्रेसने कोश्चुश्कोला ब्रिगेडियर जनरल केलं. पगाराचे पैसे मात्र तुंबले होते. त्याला बारा हजारांहून जास्त डॉलरचं कर्जपत्र आणि ओहायोत ५०० एकर जमीन देऊ केली. तो १७८४ साली मायदेशी गेला. १७९४ साली त्याने रशियाविरुद्ध राष्ट्रीय उठावाचं नेतृत्व केलं. रात्स्लावित्सेच्या लढाईत विळ्याची पाती काठीला सरळ जोडून आलेल्या शेतकऱ्यांनी रशियन तोफा काबीज केल्या. महिन्याभराने पोलानिएत्सच्या जाहीरनाम्यात त्याने शेतकऱ्यांना वैयक्तिक स्वातंत्र्य दिलं आणि वेठबिगारीचे दिवस कमी केले. सरदार नाराज झाले. ऑक्टोबरात तो जखमी होऊन पकडला गेला, आणि पुढच्या वर्षी पोलंडची शेवटची वाटणी झाली.

रशियाच्या नव्या झारने त्याला १७९६ साली सोडलं. १७९७ साली तो पुन्हा अमेरिकेत आला, तेव्हा जखमांमुळे त्याला धड चालता येत नव्हतं. फिलाडेल्फियात पाइन स्ट्रीटवर एका लहानशा खोलीत तो राहायचा. ती खोली आता राष्ट्रीय स्मारक आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतलं सगळ्यात लहान. तिथे त्याला भेटायला तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन येई. जेफरसनने त्याच्याबद्दल लिहिलं की असा निखळ स्वातंत्र्यपुत्र मी पाहिला नाही, आणि त्याचं स्वातंत्र्य मूठभरांचं किंवा श्रीमंतांचं नव्हे, सर्वांचं आहे.

हे लिहिणाऱ्या जेफरसनच्या माँटिचेलोच्या मळ्यावर गुलाम राबत होते.

परत युरोपला जाण्याआधी, ५ मे १७९८ रोजी कोश्चुश्कोने मृत्युपत्र केलं. अमेरिकेतला आपला सगळा पैसा गुलाम विकत घेऊन त्यांना मुक्त करण्यासाठी वापरावा. ते गुलाम जेफरसनचे स्वतःचे असोत की दुसऱ्या कोणाचे. त्यांना धंदा शिकवावा, शिक्षण द्यावं, नागरिक म्हणून स्वतःच्या स्वातंत्र्याचं आणि देशाचं रक्षण करता येईल असं तयार करावं. हे अमलात आणण्याची जबाबदारी जेफरसनवर. मित्राच्याच हाती मित्राच्या गुलामांची किल्ली दिली, याइतका सरळ प्रश्न जेफरसनला क्वचितच कोणी विचारला असेल.

कोश्चुश्को १५ ऑक्टोबर १८१७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये वारला. जेफरसन तेव्हा म्हातारा होता. १८१९ साली त्याने न्यायालयात जाऊन ही जबाबदारी नाकारली. वय झालं, काम किचकट आहे, युरोपात कोश्चुश्कोने नंतर दुसरी मृत्युपत्रं केली आहेत, असे पेच होतेच. ते पेच खरे होते. पण पैसा हातात होता आणि मित्राची इच्छा कागदावर स्वच्छ लिहिलेली होती, हेही खरं. युरोपातले नातेवाईक दाव्यात उतरले आणि खटला वर्षानुवर्षं चालला. जेफरसन १८२६ साली कर्जात बुडून वारला. जानेवारी १८२७ मध्ये माँटिचेलोवरच्या १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५२ साली कोश्चुश्कोचा पैसा नातेवाइकांचा ठरवला. त्या पैशातून एकही माणूस मुक्त झाला नाही.

अग्रिप्पा हल युद्धानंतर मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या स्टॉकब्रिज गावी परतला होता. तिथे त्याने थोडी थोडी करत जमीन घेतली. १७९७ साली कोश्चुश्को अमेरिकेत आल्याचं कळल्यावर तो त्याला भेटायला न्यूयॉर्कला गेला. म्हातारपणी पेन्शनसाठी अर्ज करताना सैन्यातून सुटका झाल्याचा वॉशिंग्टनच्या सहीचा कागद सरकारजमा करावा लागत होता. कागद परत मिळणार नसेल तर आपल्याला पेन्शन नको, असं त्याने कळवलं. १८४४ साली काढलेलं त्याचं छायाचित्र आज उपलब्ध आहे: पांढरे केस, हातात काठी, कॅमेऱ्याकडे सरळ रोखलेली नजर. तो १८४८ साली वारला. कोश्चुश्कोच्या मृत्युपत्राचा खटला तेव्हाही चालूच होता.